गोएथेचा ए१ बोलण्याचा मोफत नमुना संच: परीक्षेला उत्तम, पाठाला अपुरा

पुण्यात जर्मनची बॅच घेणाऱ्या कुणाच्याही लॅपटॉपवर ही पीडीएफ सापडतेच: गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए१ परीक्षेचा (जर्मनची सगळ्यात पहिली पातळी), म्हणजे ‘श्टार्ट डॉइच १’चा, नमुना संच. संस्थेच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, ऐकण्याच्या भागाचा ऑडिओही सोबत मिळतो. बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे गोएथेच्या पुण्यातल्या केंद्रात, परीक्षा द्यायची असो वा नसो, खासगी क्लासेसपासून कॉलेजच्या वर्गांपर्यंत बोलण्याचा सराव म्हटलं की याच संचाची पानं झेरॉक्स होऊन फिरत असतात.

इथे परीक्षण फक्त बोलण्याच्या भागाचं आहे, आणि तेही एका प्रश्नापुरतं. ज्या वर्गात पहिल्या दिवसापासून बोलण्यावर भर आहे, तिथे पाठ आखायला आणि मूल्यमापनाला हा संच किती कामाचा? आमचं मत आधीच सांगून टाकतो. मूल्यमापनासाठी ५ पैकी ४, पाठासाठी ५ पैकी २. या संचावरून थेट शिकवलं की मुलं पास होतात, पण समोरच्याने कार्डाबाहेरचं एक वाक्य टाकलं की गप्प बसतात. का, ते पुढे येईलच.

संचात नेमकं काय

लेखी परीक्षा ६५ मिनिटांची: ऐकणं सुमारे २०, वाचन २५, लेखन २०. बोलणं वेगळं घेतात, जास्तीत जास्त चौघांच्या गटात, आणि गटाला मिळून सुमारे १५ मिनिटं. परीक्षकाच्या सूचना धरल्या तर एकेकाच्या तोंडी तीन-चार मिनिटंच येतात. चारही कौशल्यांना कच्चे १५-१५ गुण, बेरीज ६०, तिला १.६६ ने गुणून १०० पैकी गुण काढतात आणि ६० ला पास. म्हणजे बोलण्याला पाव वजन.

पहिल्या भागात स्वतःची ओळख. कागदावर नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद एवढे शब्द असतात. त्यानंतर परीक्षक एखादा शब्द स्पेल करायला लावतो आणि एखादा नंबर विचारतो. हा भाग सगळ्यात सोपा समजला जातो आणि पाठ केलेल्या सात वाक्यांवर निघूनही जातो, पण शेवटच्या त्या दोन गोष्टींवर अर्धा वर्ग अडखळतो. कारण साधं आहे: इंग्रजी अक्षरांची सवय. कुलकर्णी हे आडनाव घ्या. जर्मनमध्ये ते का-ऊ-एल-का-आ-एर-एन-ई असं सांगायचं. विद्यार्थी सवयीने ‘आ’च्या जागी ‘ए’ म्हणतो. जर्मनमध्ये ‘ए’ हे वेगळंच अक्षर (E), त्यामुळे परीक्षकाच्या कागदावर ‘कुल्केर्नी’ उमटतं. शेवटी ‘ई’ऐवजी ‘आय’ म्हटलं की तो पेन थांबवून वर बघतो. वैद्य आडनावाच्या विद्यार्थ्याला तर ‘फाउ’ (V) आणि ‘उप्सिलोन’ (Y) दोन्ही लागतात. यावर उपाय वेगळा तास घेण्याचा नाही. पहिल्या पंधरवड्यात हजेरी घेताना रोज चौघांनी फळ्याकडे न बघता आपलं आडनाव स्पेल करायचं आणि दुसऱ्याने फळ्यावर लिहायचं. तीन मिनिटांचं काम आहे, आणि चूक कुठे झाली ते फळ्यावर सगळ्यांना दिसतं.

नंबरांचं थोडं निराळं. फोन नंबर किंवा ४११०३० सारखा पिनकोड सुटे अंक म्हणून सांगता येतो, तिथे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते किमती सांगताना. जर्मन एकवीस म्हणजे ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिग’, एकक आधी, दशक नंतर. मराठीतही एकवीस, बावीस, पस्तीस याच क्रमाने येतात. पण मुलं आकडे मनात इंग्रजीत मोजतात म्हणून उलटे बोलतात. मराठीत मोजायला सांगा, निम्म्या चुका जातात. फक्त एकोणतीस-एकोणचाळीसच्या ओळीला हा आधार नाही, तिथे ‘नॉइन-उंट-त्स्वान्त्सिग’ वेगळं घोकावंच लागतं.

दुसऱ्या भागात कार्डं येतात. वर विषय, उदाहरणार्थ खाणं-पिणं किंवा खरेदी, आणि खाली एक शब्द. त्या शब्दावरून शेजारच्याला प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. तिसऱ्या भागात वस्तूंची चित्रं असतात; चित्र बघून काहीतरी मागायचं किंवा करायला सांगायचं, आणि समोरच्याने होकार-नकार द्यायचा. या दोन्ही भागांची चांगली बाजू अशी की विचारणाऱ्याला स्वतंत्र गुण आहेत. नेहमीच्या वर्गात प्रश्न शिक्षक विचारतात आणि उत्तरं मुलं देतात, त्यामुळे तीन महिन्यांत विद्यार्थी शेकडो उत्तरं देतो आणि जेमतेम दहा-वीस प्रश्न विचारतो. हा संच निदान ती बाजू उघडी पाडतो.

कार्ड हातात आल्यावर काय होतं

विषय ‘खाणं-पिणं’, शब्द ‘झोनटाग’, रविवार. अपेक्षित प्रश्न ‘वास एसन झी आम झोनटाग?’, रविवारी काय खाता? पण कार्डावरचा शब्द वाचून सुटणारा पहिला प्रश्न बहुधा ‘वास इस्ट झोनटाग?’ असतो, म्हणजे रविवार म्हणजे काय. दुसरी ठरलेली चूक वरची विषयाची ओळ न वाचण्याची. विषय ‘खरेदी’, शब्द ‘वीकएंड’, आणि विद्यार्थी विचारतो, वीकएंडला काय करता? वाक्य व्याकरणाने बिनचूक, पण विषय सुटला. म्हणून सरावाच्या कार्डावर विषयाची ओळ खालच्या शब्दाइतकीच ठळक छापा आणि सुरुवातीला मुलांना आधी विषय मोठ्याने म्हणायला लावा, मगच प्रश्न. दोन आठवड्यांनी ते मोठ्याने म्हणणं बंद करायचं, नाहीतर परीक्षेतही म्हणत बसतात.

होय-नाही प्रश्नांत मराठी आडवी येते. आपण ‘तुम्ही कॉफी पिता का?’ म्हणतो, क्रियापद जागच्या जागी, फक्त शेवटी ‘का’ जोडायचा. जर्मनमध्ये क्रियापद उडी मारून पुढे येतं: ‘ट्रिंकन झी काफे?’ मुलं ‘झी ट्रिंकन काफे?’ म्हणून शेवटी आवाज चढवतात. समजतं सगळ्यांना, म्हणून वर्गात कुणी हटकत नाही, आणि ती सवय ए२ पर्यंत सोबत जाते. यासाठी फळ्यावर नियम लिहिण्यापेक्षा क्रियापदाचं कार्ड वेगळ्या रंगाचं करून मुलांनाच टेबलावर सरकवायला द्या. पाच मिनिटांत जागा पक्की होते.

तिसऱ्या भागात गंमत वेगळी. बहुतेक वर्गांत एकच साचा पाठ करून घेतात: ‘क्योनन झी मिअर बिटं … गेबन?’, कृपया मला अमुक द्याल का? पेला, पेन्सिल, वर्तमानपत्र आलं तोवर ठीक. दाराचं चित्र आलं की विद्यार्थी निर्विकारपणे समोरच्याकडे दार मागतो. म्हणून साचे निदान तीन हवेत: द्या, करा (दार लावा, खिडकी उघडा), आणि करू का (इथे बसू का, फोन वापरू का). चित्र दाखवून आधी फक्त ‘यातला कुठला?’ एवढंच ठरवायला लावा, वाक्य नंतर. त्यातही पुल्लिंगी नाम कर्म म्हणून आलं की त्याच्या ‘डेअर’ या उपपदाचं ‘डेन’ होणं या टप्प्यावर निम्म्या वेळा चुकणारच. त्यावर तास घालवू नका. नकार मात्र आवर्जून शिकवा. आपल्याकडची मुलं परीक्षकासमोर नाही म्हणायला बिचकतात, आणि प्रत्येक मागणीला ‘या, गेर्न’ (हो, आनंदाने) एवढंच येतं. ‘टूट मिअर लाइट’ (माफ करा) आणि त्यापुढे एक कारण एवढं जमलं की संभाषण उभं राहतं.

खाण्याच्या विषयात एक स्थानिक अडचण आहे. न्याहारी, मांस, बिअर असे शब्द येतात आणि विद्यार्थी विचारतो, आमच्याकडे हे नसतंच, मग बोलू काय? परीक्षेला खरं-खोटं कळत नाही, काहीही सांग, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट सल्ला आहे, कारण खोटं बोलायला जास्त शब्द लागतात. त्याऐवजी ‘नाइन, इख ट्रिंकं काइन बिअर, इख ट्रिंकं टे’ (नाही, मी बिअर पीत नाही, चहा पितो) हे पुरतं. पोहे असतील तर पोहेच म्हणायचं आणि पुढे एक वाक्य जोडायचं: ‘डास इस्ट राइस’, हा तांदळाचा प्रकार. साबुदाण्याच्या खिचडीचं जर्मन वर्णन शोधत डिक्शनरी उघडायची गरज नाही; ए१च्या अधिकृत शब्दयादीत सुमारे ६५० नोंदी आहेत, साबुदाणा त्यात नाही.

संच पाठ म्हणून का चालत नाही

मुख्य दोष रचनेतच आहे. दुसऱ्या भागात एक प्रश्न, एक उत्तर, आणि पुढचा गडी. उत्तर ऐकून काही करायचं नसतं. समोरचा ‘मी रविवारी काही खात नाही’ म्हणाला तरी विचारणारा मान डोलावून मोकळा. चार मिनिटांच्या परीक्षेत हे क्षम्य आहे. नव्वद मिनिटांच्या वर्गात हेच केलं तर कुणी कुणाचं ऐकतच नाही. आपलं कार्ड कधी येतंय याची वाट बघत मनात वाक्य जुळवत राहतात.

बोलण्याला कारण लागतं. माझ्याकडे नसलेली माहिती तुझ्याकडे आहे, आणि ती मिळाल्याशिवाय माझं काम अडतं, एवढं झालं की मुलं आपोआप विचारतात. हे तत्त्व जुनं आणि आपल्या देशातच वर्गांत आजमावलेलं आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू, मद्रास अशा दक्षिण भारतातल्या शाळांत राबवलेल्या प्रकल्पात अशा कृतींचे तीन प्रकार मांडले होते: माहितीची तफावत, तर्काची तफावत आणि मताची तफावत. नमुना संचात यांतली पहिलीच, तीही अगदी पुसट आहे. उरलेल्या दोन वर्गात आपल्याला घालाव्या लागतात.

‘खरेदी’ या विषयावर ९० मिनिटांचा तास असा बसतो. पहिली १० मिनिटं मागच्या तासाचेच प्रश्न, पण जोडीदार नवा. मग १५ मिनिटं दुकानातला छोटा संवाद: दोनदा फक्त ऐकायचा, तिसऱ्यांदा कागद बघून. पुढची १० मिनिटं प्रश्नांची बांधणी, वरची रंगीत क्रियापदं इथे. त्यानंतरची २५ मिनिटं तासाचा गाभा. जोडीत दोन वेगवेगळे कागद द्या. दोन्हींवर त्याच दहा वस्तू, पण अ च्या कागदावर पाच किमती आणि ब च्या कागदावर उरलेल्या पाच. दोघांना मिळून ३० युरो खर्चायचे आहेत, घरी पाहुणे येणार आहेत, त्यातला एक मांस खात नाही. किमती विचारणं ही माहितीची तफावत, पैशात बसवणं ही तर्काची, आणि काय घ्यायचं यावरचा वाद मताची. मग १० मिनिटं फळ्यावर ऐकलेली पाच वाक्यं, नावं न घेता, आणि ती वर्गानेच दुरुस्त करायची. त्यानंतर १२ मिनिटं तेच काम नव्या जोडीदाराबरोबर, या वेळी कमी वेळात. दुसऱ्या फेरीत वाक्यं लांबतात आणि अडखळणं कमी होतं, म्हणून ही फेरी कापू नका. उरलेली ८ मिनिटं संचातली चार कार्डं, अगदी परीक्षेसारखी, आणि शिक्षकाने त्या वेळी फक्त दोन जोड्यांकडे बघायचं. संचाची जागा ही इतकीच: शेवटची आठ मिनिटं.

या तासात बिघडतं कुठे? बहुतेक वेळा त्या २५ मिनिटांत. दोघांना चुकून एकच कागद गेला तर बोलण्याची गरजच संपते. कागद एकमेकांना दिसत असले तरी तेच. पुण्यातल्या क्लासच्या खोल्यांत बाक चिकटून असतात, म्हणून जोडीला शेजारी नव्हे, पाठीला पाठ किंवा मध्ये दप्तर उभं करून बसवा. सूचना जर्मनमध्ये दिल्या आणि समजल्या नाहीत तर सगळी जोडी मराठीत ‘काय करायचंय गं?’वर येते. ए१ला कृतीची सूचना एकदा मराठीत द्यायला काही हरकत नाही, दोन वाक्यांत, आणि मग एका जोडीकडून सगळ्यांसमोर एक फेरी करून घ्या. हुशार विद्यार्थ्याला कच्च्याबरोबर बसवलं की एकजण बोलतो आणि दुसरा लिहितो. कच्च्याला जास्त माहिती असलेला कागद द्या. मग हुशाराला त्याच्याकडून काढून घ्यावीच लागते.

प्रश्न विचारल्यावर शिक्षकांना थांबवत नाही, हाही दोष आहेच. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं होतं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब येतात. परकीय भाषेत त्याहून जास्त लागतात. मनात पाचपर्यंत मोजा, तोवर दुसऱ्या मुलाचं नाव घेऊ नका.

चुका दुरुस्त करण्याबद्दलही थोडं. विद्यार्थी चुकला की आपण तेच वाक्य बरोबर करून हळूच म्हणतो, तो ‘हो सर’ म्हणून पुढे जातो, आणि आपल्याला वाटतं झालं. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त याच पद्धतीच्या होत्या, आणि मुलांनी त्या उचलून धरण्याचं प्रमाण सगळ्या पद्धतींत सर्वांत कमी होतं. वाक्य चुकीच्या शब्दापर्यंत म्हणून थांबा आणि बोटाने जागा दाखवा. पुढचं त्याच्याकडूनच येऊ द्या.

मूल्यमापनाला मात्र हाच घ्या

संचातली गुणपद्धत तीन पायऱ्यांची आहे: काम पूर्ण झालं आणि समजलं तर पूर्ण गुण, अर्धवट तर निम्मे, नाहीतर शून्य. दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे गुण दिले तरी फारसा फरक पडत नाही, आणि तासभर गुण देऊन थकल्यावरही ही पट्टी वाकत नाही. सत्राच्या शेवटी हीच वापरा.

पण दर दोन आठवड्यांच्या चाचणीला ती फार जाड आहे. सुरुवातीला एकेक शब्द जोडत बोलणारा आणि दोन महिन्यांनी सलग बोलून फक्त क्रियापद चुकवणारा, दोघांनाही निम्मेच गुण पडतात. प्रगती कागदावर दिसत नाही आणि विद्यार्थी खचतो. युरोपियन भाषा-चौकटीच्या २००१च्या आवृत्तीत बोलण्याचे पाच निकष आहेत: शब्दांचा आवाका, अचूकता, ओघ, देवाणघेवाण आणि सुसंगती. ते पाचही एकाच वेळी बघायला गेलात तर एकही नीट बघून होत नाही, कारण समोर दोघं बोलत असतात. एका चाचणीला दोनच घ्या. पहिल्या महिन्यात देवाणघेवाण आणि ओघ, अचूकता तिसऱ्या महिन्यात. प्रत्येकाला ० ते ३. देवाणघेवाणीचा ३ कधी द्यायचा ते शब्दांत लिहून ठेवा: उत्तर ऐकून त्यावर स्वतःहून एक प्रश्न किंवा प्रतिक्रिया दिली तर ३, नुसतं ‘उंट झी?’ (आणि तुम्ही?) म्हटलं तर २, कार्डापुरतं बोलून थांबला तर १. संचात ज्याला गुण नाहीत त्यालाच इथे गुण मिळतात, आणि चाचणीला काय मोजतात हे मुलांना दुसऱ्याच आठवड्यात कळतं.

वेळेचं गणित आधी करा. २० जणांची बॅच परीक्षेप्रमाणे चौघांच्या गटांत घेतली तर ५ गट गुणिले १५, म्हणजे ७५ मिनिटं, तास गेला. जोड्यांत घेतली तर १० जोड्या, जोडीला चार मिनिटं आणि उठबस-गुणांना एक, एकूण ५० मिनिटं. ती दोन तासांत २५-२५ अशी विभागा. बाकीच्यांना त्या वेळी लेखनाच्या भागातला फॉर्म भरणं आणि छोटं पत्र द्या. तेही तपासायचंच असतं. बाहेर उभं करून एकेका जोडीला आत बोलावण्याची पद्धत टाळा, आतून येणारा बाहेरच्यांना कार्डं सांगतो आणि शेवटच्या जोड्यांचे गुण फुगतात. विषय दोन ठेवा आणि एकाआड एक जोडीला द्या.

रेकॉर्डिंग करायचं तर फोन बाकावर ठेवू नका, पेन आणि बोटांची टकटकच ऐकू येते. खाली रुमाल किंवा डस्टर घाला, दोघांच्या मध्ये हातभर अंतरावर. दहा जोड्या एकदम बोलत असताना केलेलं रेकॉर्डिंग ऐकण्यालायक नसतं, तिथे तो वेळ वाचवा.

चाचण्यांच्या तारखा पुण्याचं कॅलेंडर बघून ठरवा. जूनमध्ये सुरू झालेली संध्याकाळची बॅच असेल तर गणपतीच्या आधीचे काही आठवडे ढोल-ताशा पथकांच्या सरावाचे. तरुण विद्यार्थी निम्मे गायब, आणि नदीपात्राजवळ क्लास असेल तर ऐकण्याची चाचणी घेणं व्यर्थ. पेठांत विसर्जनाच्या दिवशी रस्तेच बंद. बोलण्याची मोठी चाचणी ऑगस्टच्या आधी उरका किंवा सरळ गणपतीनंतर घ्या, आणि वेळापत्रकात दोन तास मोकळे सोडा.

कार्डं करून घेताना

पीडीएफमधली कार्डं साध्या कागदावर छापून कापली तर पाठीमागून शब्द दिसतो आणि चार तासांत कोपरे दुमडतात. २५० ते ३०० जीएसएमचा (हा आकडा जितका मोठा तितका कागद जाड) कार्डपेपर घ्या. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छपाई आणि कटिंग एकाच ठिकाणी होतं. ए४चे आठ तुकडे केले की ७४ बाय १०५ मिलिमीटरची ए७ कार्डं मिळतात, हातात धरायला हाच आकार बरा. २० जणांसाठी चौघांचे ५ गट, प्रत्येकाला दोन फेऱ्या, म्हणजे गटाला ८ कार्डं, विषयाला ४०, म्हणजे ५ कागद. सहा विषयांना ३०. विषयागणिक कागदाचा रंग बदला, गोळा करताना त्रास वाचतो. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटच्या उजेडात शब्द दिसत नाही. मॅट घ्या किंवा लॅमिनेशनच टाळा. रबर पावसाळ्यात चिकटतं, झिपची छोटी पिशवी चालते.

संचात विषय मोजकेच आहेत, त्यामुळे दोन आठवड्यांत कार्डं पाठ होतात. म्हणून संच राखून ठेवा, सरावाला स्वतःची कार्डं करा: प्रवास (मेट्रो, तिकीट, उशीर, रविवार), घर (भाडं, स्वयंपाकघर, शेजारी), काम (सुट्टी, सहकारी, पगार). शब्द निवडताना शब्दयादी उघडी ठेवा. प्रत्येक विषयात एक शब्द ‘झोनटाग’सारखा घाला, ज्यावरून सरळ प्रश्न निघत नाही. संचाची पानं मात्र जशीच्या तशी फीच्या पुस्तिकेत छापून विकू नका, हक्क संस्थेकडे आहेत.

दुसऱ्या भाषांचे वर्ग

फ्रेंचवाल्यांकडे डेल्फ या परीक्षेच्या ए१ पातळीचे नमुने आहेत आणि संभाषणाच्या दृष्टीने ते थोडे सरस: १० मिनिटं तयारी, ५ ते ७ मिनिटं बोलणं, आणि तिसरा भाग चक्क खोट्या-खोट्या खरेदीचा किंवा चौकशीचा. तिथे परीक्षकाशी व्यवहार पूर्ण करावा लागतो, त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप येतो. पासिंग १०० पैकी ५०, पण प्रत्येक कौशल्यात २५ पैकी किमान ५ हवेतच. जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. पुण्यात जपानी शिकणारे भरपूर, आणि त्यांच्या वर्गात बोलणं मागे पडतं ते बऱ्याच अंशी यामुळेच. जपानीच्या शिक्षकांनी वरची जोड्यांची चाचणी आणि ० ते ३ ची पट्टी तशीच उचलावी. कार्डांवरचे शब्द तेवढे बदलतील.

शाळेत आठवी-नववीला जर्मन शिकवणाऱ्यांनी हा संच घेऊच नये. तो १६ वर्षांपुढच्यांसाठी आहे, त्यात ‘झी’, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’चा व्यवहार आहे. त्या वयासाठी ‘फिट इन डॉइच १’ हा वेगळा संच त्याच संकेतस्थळावर फुकट आहे, त्यात मुलं एकमेकांना ‘डू’, म्हणजे तू, म्हणतात. दोन्ही संच मिसळून शिकवले की एकाच वाक्यात ‘डू’ आणि ‘झी’ येतात, आणि ते निस्तरायला सत्राचा उरलेला वेळ जातो.